वाटणी झालेल्या डिस्कची नक्कल

छापखाने येण्यापूर्वीं महाराष्ट्रांतील ग्रंथ टिकले ते नकलाकारांच्या बोरूवर. पोथी जीर्ण झाली कीं तिची दुसरी प्रत करावयाची, आणि जसें पाहिलें तसेंच उतरविलें आहे, दोष असल्यास तो लिहिणाराचा नव्हे, अशा अर्थाची पुस्ती शेवटीं जोडावयाची, असा शिरस्ता होता. त्या पुस्तींत नम्रता होती, तसाच धंद्याचा एक नियमहि होता. मूळ सुधारावयाचें नाहीं, गाळावयाचें नाहीं, आणि जें कळत नाहीं तेंहि उतरून घ्यावयाचें. आज ग्रंथ, हिशेब, छायाचित्रें आणि पत्रव्यवहार यांची सांठवण संगणकाच्या डिस्कवर होते. ही डिस्क पोथीपेक्षां पुष्कळच अल्पायुषी असते. म्हणून लॅपटॉपमधील डिस्क बाहेरच्या एखाद्या डिस्कवर उतरवून ठेवण्याचा प्रश्न आतां घरोघर उभा राहतो. वरवर पाहतां हें काम हमालीचें वाटतें. तथापि डिस्कवर डोळ्यांना दिसतें त्याहून न दिसणारें बरेंच कांहीं असतें, आणि तें तेथें कसें आलें हें कळल्यावांचून नक्कल पुरी झाली कीं नाहीं तें सांगतां येत नाहीं.

या इतिहासाच्या आरंभीं एक शाळामास्तर उभे आहेत. रेनॉल्ड जॉन्सन हे अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत शास्त्र हा विषय शिकवीत असत. विद्यार्थ्यांनीं उत्तरपत्रिकेवर केलेल्या पेन्सिलीच्या खुणा विजेच्या साहाय्यानें तपासणारें यंत्र त्यांनीं जुळविलें, आणि त्याच्यामुळें १९३४ सालीं आयबीएम कंपनीनें त्यांना आपल्याकडे घेतलें. पुढें कॅलिफोर्नियांतील सॅन होजे येथें त्यांच्या देखरेखीखालीं जें काम झालें, त्यांतून १९५६ सालीं रॅमॅक हा संगणक जगापुढें आला. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एका दांड्यावर चढविलेल्या, वजन सुमारें एक टन, आणि सांठवण ५० लक्ष अक्षरांची, असें त्याच्या डिस्कचें स्वरूप होतें. आजच्या मोबाइल फोननें काढलेलें एखादें छायाचित्रहि तीवर मावेल न मावेल. त्यापूर्वीं माहिती छिद्रें पाडलेल्या पत्त्यांवर किंवा चुंबकीय फितीवर ठेवीत, आणि हवी ती नोंद सांपडेपर्यंत फीत गुंडाळीत बसावें लागे. डिस्कवर मात्र वाचणारें टोक नेमक्या जागीं सरळ जाऊं लागलें.

परंतु ह्याच रचनेंत डिस्कच्या नाशाचें बीजहि होतें. वाचणारें टोक फिरत्या तबकडीला न टेकतां तिच्यावर तरंगत असतें, आणि अलीकडच्या डिस्कमध्यें हें अंतर मिलिमीटरच्या एक लक्षांशाहूनहि कमी असतें. धक्का बसून टोक टेकलें कीं तबकडीवरील चुंबकीय लेप खरवडला जातो, व त्यावरील मजकूर कायमचा नाहींसा होतो. हल्लींच्या बहुतेक लॅपटॉपांत फिरत्या तबकडीऐवजीं एसएसडी असते. तींत टोक नाहीं, खरवडणें नाहीं. पण तिचा विद्युन्मय भाग बिघडला तर ती पुष्कळदां पूर्वसूचना न देतांच बंद पडते. सारांश, साधन बदललें तरी मरण टळलें नाहीं.

१९८० सालीं सीगेट कंपनीनें सव्वापांच इंची तबकडीची ५ मेगाबाइटची डिस्क काढली. १९८३ च्या मार्चमध्यें आयबीएमनें आपला एक्सटी हा घरगुती व कचेरीच्या उपयोगाचा संगणक १० मेगाबाइटच्या डिस्कसह बाजारांत आणला. १९८८ सालीं प्रेअरीटेक कंपनीची अडीच इंची डिस्क निघाली, आणि लॅपटॉपला शोभेल असें माप हातीं आलें. यांपैकीं १९८३ चा एक्सटी येथें विशेष महत्त्वाचा आहे. कारण त्याच्याबरोबर आलेल्या डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीनें डिस्कची वाटणी करण्याची सोय दिली. त्या काळीं एकाच यंत्रावर निरनिराळ्या कार्यप्रणाली चालविण्याची इच्छा असे, व एकीची मांडणी दुसरीला वाचतां येत नसे. म्हणून एकाच डिस्कचे चार खण करावे व ज्याचा त्यानें आपला संसार आपल्या खणांत थाटावा, अशी ती योजना होती. या खणालाच पार्टिशन म्हणतात.

शेताची वाटणी झाली म्हणजे जमिनीवर बांध पडतो. डिस्कच्या वाटणीला असा बांध नसतो. ती असते केवळ दप्तरांतील नोंद. डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटांचा. त्यांतील पहिले ४४६ बाइट संगणक सुरू होतांना चालणाऱ्या छोट्या आज्ञावलीकरितां राखलेले. पुढील ६४ बाइटांत चार खणांचा तक्ता, म्हणजे प्रत्येक खणाला १६ बाइट. उरलेल्या दोन बाइटांत तो सेक्टर खरा असल्याची खूण. कोणता खण कोठून सुरू होतो आणि किती लांब आहे, हें सर्व त्या ६४ बाइटांत लिहिलेलें असतें. हा तक्ता पुसला गेला तर खणांतील एकहि अक्षर नष्ट झालेलें नसतांना सबंध डिस्क रिकामी दिसूं लागते. दप्तर जळालें म्हणजे शेत जागच्या जागीं असूनहि मालकी सिद्ध करतां येऊं नये, तसाच हा प्रकार होय.

पुढें वाटणी ही सोय न राहतां सक्ति झाली. डॉसच्या त्या वेळच्या आवृत्त्या खणांतील सेक्टरांची मोजणी १६ अंकी द्विमान संख्येनें करीत. अशा संख्येंत ६५,५३६ हून अधिक सेक्टर मोजतां येत नाहींत, आणि ५१२ नें गुणलें असतां ती मर्यादा ३२ मेगाबाइट होते. डिस्क ४० मेगाबाइटची झाली तेव्हां तिचे दोन खण करणें भागच पडलें. १९८७ च्या डॉस ३.३ नें एका खणाच्या पोटांत आणखी खण घालण्याची युक्ति काढली. ही मर्यादा पुढें एकदोन वर्षांतच उठली, पण संवय मात्र राहिली. आपल्याकडेहि सी मध्यें विंडोज व डी मध्यें स्वतःचें काम, अशी वांटणी करून देण्याची पद्धत रूढ झाली. तिचा एक उपयोग खरा होता: सी मधील विंडोज बिघडून पुन्हा घालावें लागलें तरी डी ला धक्का लागत नसे. पण त्यांतूनच असा समज पसरला कीं, सी मधील काम डी मध्यें उतरविलें म्हणजे त्याची सुरक्षित प्रत झाली. हा समज घातक आहे. खण दोन असले तरी डिस्क एकच आहे. ती गेली म्हणजे मूळ आणि प्रत दोन्ही एकाच क्षणीं जातात. खरी प्रत व्हावयाची तर ती दुसऱ्याच डिस्कवर व्हावयास हवी.

अशी प्रत करण्याच्या दोन रीति आहेत. पहिली फाइलींची. दिसतात त्या फाइली निवडाव्या आणि बाहेरच्या डिस्कवर नेऊन ठेवाव्या. घरच्या छायाचित्रांकरितां व पत्रांकरितां ती पुरेशी आहे. परंतु तींत पहिल्या सेक्टरांतील तक्ता येत नाहीं, संगणक सुरू करणारी आज्ञावली येत नाहीं, आणि पुष्कळ उत्पादकांनीं विंडोज पुन्हा घालण्यासाठीं ठेवलेला छुपा खणहि येत नाहीं. शिवाय चालू असलेलें विंडोज स्वतःच्या कांहीं फाइली कोणाला हात लावूं देत नाहीं. अशा प्रतीवरून मजकूर परत मिळतो, पण पूर्वीचा संगणक उभा राहत नाहीं.

मराठी छपाईच्या धंद्यांत हा भेद विशेष बोंचतो. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वीं, आणि कित्येक ठिकाणीं त्यानंतरहि, मराठी मजकूर पुण्याच्या मॉड्युलर कंपनीच्या श्रीलिपींत किंवा सी-डॅकच्या आयएसएममध्यें जुळविला जाई. प्रत्येकाचे टंक वेगळे व अक्षरांचे संकेतांकहि वेगळे. फाइल जपून ठेवली आणि तिचा टंक मागें राहिला, तर उघडल्यावर मराठी ऐवजीं रोमन अक्षरांची व चिन्हांची खिचडी पुढें येते. अशा वेळीं फाइल जवळ असून वाचतां येत नाहीं. टंक, आज्ञावली आणि त्यांची मांडणी यांसह सबंध डिस्क उतरविलेली असेल, तरच जुना मजकूर जुन्या रूपांत पुन्हा भेटतो.

म्हणून दुसरी रीति, सेक्टरामागून सेक्टर उतरविण्याची. तिचें सर्वांत जुनें व अद्याप वापरांत असलेलें हत्यार म्हणजे युनिक्स प्रणालींतील डीडी ही आज्ञा. ती १९७४ पासूनची असून, तिचें नांव आयबीएमच्या मोठ्या संगणकांवरील एका आज्ञेवरून आलें आहे. डीडी ही जुन्या नकलाकारासारखी आहे. ती अर्थ पाहत नाहीं. रिकामी जागा, पुसलेल्या फाइलींचे अवशेष, दोष, सर्व जसेंच्या तसें उतरवते. मूळ कोणतें व प्रत कोणती हें मात्र माणसानें सांगावयाचें असतें. तीं नांवें उलटीं पडलीं तर कोऱ्या डिस्कचें कोरेपण भरल्या डिस्कवर निमूटपणें उतरतें. ह्यामुळेंच त्या दोन अक्षरांचा ‘डिस्क डिस्ट्रॉयर’, म्हणजे डिस्कचा संहारक, असा थट्टेचा विस्तार जाणकारांत रूढ आहे.

सामान्य माणसाच्या हातीं हें काम आलें तें १९९५ नंतर. न्यूझीलंडमधील मरे हॅझर्ड यांनीं घोस्ट नांवाची आज्ञावली तयार केली. एक संगणक नीट मांडावा आणि त्याची हुबेहूब छाया शेंकडों संगणकांवर पाडावी, हा तिचा हेतु. १९९८ सालीं सिमँटेक कंपनीनें ती विकत घेतली, आणि पुढें ‘घोस्ट करणें’ असा शब्दप्रयोगच कचेऱ्यांत चालूं लागला. त्यानंतर तैवानमधील उच्चशक्ति संगणनाच्या राष्ट्रीय केंद्रानें क्लोनझिला ही विनामूल्य आज्ञावली दिली. ती खणांतील भरलेली जागाच तेवढी उतरवते, त्यामुळें वेळ वांचतो. संगणक तिच्यावरून सुरू करावयाचा असल्यामुळें मूळ डिस्कवरील प्रणाली त्या वेळीं निद्रिस्त असते, व नक्कल चालू असतां मूळ बदलण्याचें भय राहत नाहीं. डिस्क आधींच आजारी असेल तर डीडीरेस्क्यू ही आज्ञावली उपयोगी पडते. ती प्रथम निरोगी भाग उतरवते, अडलेले भाग टिपून ठेवते, आणि मग त्यांच्याकडे पुन्हा वळते.

बाहेरची डिस्क जोडण्याची सोयहि याच काळांत झाली. १९९८ च्या यूएसबी १.१ चा वेग सेकंदास १२ मेगाबिट, म्हणजे दीड मेगाबाइट. २० गिगाबाइटची डिस्क त्यावरून उतरविण्यास कागदोपत्रींहि साडेतीन तासांवर वेळ लागे. २००० सालच्या यूएसबी २.० नें हा वेग चाळीसपट केला, आणि २००८ मध्यें यूएसबी ३.० नें त्याच्याहि दसपट पुढें मजल मारली. प्रत्यक्षांत वेग बराच कमी पडतो, तरी एका रात्रींत सबंध डिस्क उतरणें आतां सामान्य गोष्ट झाली आहे.

डिस्क वाढल्या तसा तक्ताहि बदलला. जुन्या तक्त्याला सुमारें २.२ टेराबाइटांपलीकडचें मोजतां येत नसे. त्याच्या जागीं जीपीटी ही नवी पद्धत आली. तींत नेहमींच्या मांडणींत १२८ खणांची नोंद होते, आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदीं शेवटीं ठेवलेली असते. सांठवणीची रचनाच आपली नक्कल जवळ बाळगूं लागली, ही अनुभवाची शिकवण होय. मात्र अशी डिस्क मोठ्या डिस्कवर जशीच्या तशी उतरविली, तर ती दुसरी प्रत नव्या डिस्कच्या मध्येंच कोठें तरी पडते, व ती शेवटीं हलवावी लागते. तसेंच प्रत्येक डिस्कला स्वतःचा ओळखक्रमांक असतो. नक्कल हुबेहूब असल्यामुळें क्रमांकहि तोच येतो, आणि दोन्ही डिस्का एकदम जोडल्यास विंडोज त्यांतील एक दूर ठेवतें. नक्कल संपल्यावर एक डिस्क काढून घेण्याचा जो नियम सांगतात त्याचें कारण हें आहे.

नक्कल केली म्हणजे ती झालीच, असें मानणें किती धोक्याचें आहे, हें १९९८ मधील एका प्रसंगानें दिसलें. अमेरिकेंतील पिक्सार कंपनींत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचें काम चालू असतां एका चुकीच्या आज्ञेनें त्याच्या बहुतेक फाइली पुसल्या गेल्या. प्रती करण्याची व्यवस्था कंपनींत होती. पण ती कांहीं काळ नीट चालत नव्हती, हें गरज पडली तेव्हां उघड झालें. गॅलिन सुसमन या अधिकारी बाई तान्ह्या मुलामुळें घरून काम करीत, आणि त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत होती. तो संगणक पांघरुणांत गुंडाळून मोटारींतून आणण्यांत आला व काम वांचलें. पुढील वर्षीं चित्रपट पडद्यावर आला. कंपनीची प्रत कोणीं पडताळून पाहिली नव्हती. घरची प्रत वेगळ्या जागीं होती, व चालू स्थितींत होती.

शाळेंत गुणाकार केल्यावर ताळा पाहावयास शिकवितात. डिस्कच्या नकलेलाहि ताळा आहे. मूळ मजकुरावर ठराविक गणित करून एक छोटी संख्या काढतात, तेंच गणित प्रतीवर करतात, आणि दोन्ही उत्तरें जुळलीं म्हणजे नक्कल बरोबर ठरते. यासाठीं रॉन रिव्हेस्ट यांची एमडी५ ही रीति १९९२ पासून प्रसिद्ध आहे. नकळत झालेली चूक ओळखण्यास ती पुरते. कोणी मुद्दाम केलेली लबाडी ओळखण्यास आतां तिच्याहून मजबूत रीति वापरतात. ताळा जुळल्यावरहि आणखी एक परीक्षा उरते. प्रतीवरून एखादी फाइल उघडून पाहावी, आणि सबंध डिस्क उतरविली असल्यास तिच्यावरून संगणक खरोखर सुरू होतो कीं नाहीं तें एकदां आजमावावें.

डिस्क एक टनाची होती तेव्हां तिची काळजी वाहण्यास कंपनीचीं माणसें असत. ती आतां तळहातावर मावते, आणि तिची काळजीहि तिच्या मालकाच्याच हातीं आली आहे. तिच्यावरील मजकूर वर्षानुवर्षांचा असतो, व नक्कल करण्यास लागते ती एक रात्र. ही रात्र डिस्क धडधाकट असतांनाच काढावी लागते. ती बंद पडल्यावर तीच रात्र कितीहि पैसे मोजून परत मिळेलच असें नाहीं.