रुपयाला किती शेर?

लहानपणी आमच्या घरी रेडिओवर बाजारभाव लागले की सगळे गप्प बसत. ज्वारी, तूर, गूळ, शेंग. क्विंटलमागे किमान अमुक, कमाल तमुक. आजोबा कान देऊन ऐकत. आजीला मात्र त्या आकड्यांशी कर्तव्य नसे. तिचा प्रश्न एकच: "ते राहू द्या, रुपयाला किती शेर आली ते सांगा."

परवा नातवाने संगणकाच्या पडद्यावर जगभरचे धान्यभाव दाखवले, तेव्हा आजीची आठवण झाली. देश निवडायचा, धान्य निवडायचे, बाजारपेठ निवडायची, की काही वर्षांची चढउताराची रेषा समोर हजर! ही सोय नवी आहे, पण भाव टिपून ठेवण्याची हौस फार जुनी आहे आणि गरजही.

प्राचीन बाबिलोनच्या ज्योतिषांनी मातीच्या विटांवर रोजनिशी लिहून ठेवली आहे. सर्वांत जुनी वीट इसवी सनापूर्वी ६५२ ची, शेवटची ६१ ची. त्यांतल्या बहुतेक विटा आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत ग्रहांची स्थिती आहे, ढग-पाऊस आहे, युफ्रेटिस नदीचे पाणी किती चढले ते आहे. आणि त्याच ओळीने जव, खजूर, तीळ आणि लोकर यांचे भावही आहेत. गंमत म्हणजे हे भाव आजीच्याच पद्धतीने मांडलेले आहेत. एका शेकेल चांदीला, म्हणजे सुमारे आठ ग्रॅम चांदीला, जव किती मिळाले, असे. आपल्याकडेही इंग्रजी अमदानीतल्या सरकारी तक्त्यांत रुपयाला किती शेर हीच रीत होती. या रीतीत महागाई झाली की आकडा खाली येतो. हातातल्या पैशाला किती दाणे आले, हे त्यात चटकन दिसते.

भाव ही दुष्काळाची पहिली चाहूल असते, हे राज्यकर्त्यांनाही ठाऊक होते. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळून निघाला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींवरून दुष्काळ संहिता तयार झाल्या. भाव एकाएकी चढू लागले, लोक गाव सोडून भटकू लागले, की अधिकाऱ्यांनी सावध व्हायचे आणि कामे काढायची, असे त्यात सांगितले होते.

मग १९४३ साली बंगालमध्ये काय झाले? भाव नोंदले गेले नाहीत काय? नोंदले गेले, तेही तारखांसह. कलकत्त्यात ११ डिसेंबर १९४२ रोजी तांदळाचा घाऊक भाव मणाला तेरा-चौदा रुपये होता. मार्चमध्ये तो एकवीस झाला, मेमध्ये तिसाच्या वर गेला आणि २० ऑगस्टला सदतीसवर पोहोचला. आजीच्या हिशेबाने मांडून पाहा. मणाचे शेर चाळीस. डिसेंबरात रुपयाला सुमारे तीन शेर येणारा तांदूळ ऑगस्टमध्ये जेमतेम एक शेरावर आला. तरीही संहितेप्रमाणे दुष्काळ जाहीर झालाच नाही. चौकशी आयोगाने मृतांचा आकडा पंधरा लाख धरला. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज तीस लाखांच्या घरात जातात.

अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात हेच आकडे पुन्हा तपासले आणि भावाशेजारी मजुरी ठेवून पाहिली. तांदूळ तिप्पट झाला, शेतमजुराची मजुरी मात्र मागे राहिली. कोळी, कारागीर आणि न्हावी यांचेही तेच. पोटाला चिमटा बसला की माणूस आधी हजामत पुढे ढकलतो; मग न्हाव्याने तांदूळ कशाने घ्यावा? बाजारात धान्य होते, पण ते विकत घेण्याची ऐपत या लोकांकडे उरली नव्हती.

आज संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना दरमहा अन्नभावांचा निर्देशांक काढते. धान्ये, खाद्यतेल, दूध-दुभते, मांस आणि साखर अशा पाच गटांची ही सरासरी. २०१४ ते २०१६ या काळातली पातळी शंभर धरली, तर मार्च २०२२ मध्ये, युक्रेनचे युद्ध पेटल्यावर, तो १६० च्या आसपास गेला होता. नंतर तो उतरला तेव्हा अनेकांना हायसे वाटले. पण हा निर्देशांक जागतिक व्यापारातल्या भावांचा आहे. तो उतरला म्हणून खेड्यातल्या वाण्याकडचे तेल त्याच दिवशी उतरत नाही. आणि तिथे ते उतरलेच, तरी रोजगार सुटलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग?

पडद्यावरची रेषा निरुपयोगी आहे, असे मी म्हणत नाही. बाबिलोनच्या लेखनिकाला जे स्वप्नातही दिसले नसते, ते आपल्याला घरबसल्या दिसते. वेळेवर सावध होण्याची एवढी सोय पूर्वी कधीच नव्हती. पण कलकत्त्यातही आकडे समोर होते. त्यांच्याशेजारी मजुराचा रोज मांडायचे तेवढे राहून गेले.

नातवाला मी विचारले, "यात मजुरी कुठे दिसते रे?" तो अजून शोधतो आहे.