पीटर, ससा आणि आमची दंडाची वही



गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंना सलग तिसऱ्या बैठकीला दंड लागला. गैरहजेरीचे दहा रुपये. नियम आपणच केलेला, आणि दंड वहीत लिहिला तो मीच. मग एकदा हप्ता घ्यायला त्यांच्या घरी गेले, तेव्हा खरं कारण समोर दिसलं. तेरा वर्षांचा मुलगा. बोलत नाही. चिडला की स्वतःच्या मनगटाला कडकडून चावतो, डोकं भिंतीवर आपटतो. त्याला एकटं टाकून यायचं कसं? आणि बरोबर आणला तर आपणच बायका कुजबुजणार. कोणी म्हणालं होतं, दोन रट्टे द्या, सुधारेल. कोणी म्हणालं होतं, बाहेरचं काहीतरी आहे, देवऋष्याकडे न्या. दोन्ही करून झालं होतं.

तिथून आल्यावर मी या विषयावर वाचायला लागले. जे वाचलं ते आज तुम्हाला सांगते. अशा मुलांना जगाने शंभर वर्षं कसं वागवलं, त्याची ही गोष्ट आहे. ती आपल्याकडची नाही, अमेरिकेतली आहे, पण त्यातली माणसं तुम्हाला ओळखीची वाटतील.

बी.ए.ला मला मानसशास्त्राचा पेपर होता. त्यात जॉन वॉटसन यांचं नाव पाठ केलं होतं. 1920 साली वॉटसन आणि त्यांच्या सहकारी रोझली रेनर यांनी एका तान्ह्या बाळावर प्रयोग केला. बाळ पांढऱ्या उंदराला हात लावायला गेलं की मागून लोखंडी कांबीवर हातोडा मारायचा. थोड्याच दिवसांत बाळ नुसता उंदीर पाहून रडू लागलं, मग सशालाही घाबरू लागलं. भीती शिकवता येते हे सिद्ध झालं. पण ती भीती न घालवताच बाळ तिथून गेलं. आई म्हणून हे वाचताना माझा जीव कळवळला.

मेरी कव्हर जोन्स हे नाव मात्र आमच्या पुस्तकात नव्हतं. का नव्हतं कोण जाणे, बाईचं होतं म्हणूनही असेल. या तरुण संशोधक बाईंनी उलटा प्रश्न विचारला: भीती शिकवता येते, तर ती घालवता येणार नाही का? 1924 साली त्यांनी पीटर नावाच्या मुलाची हकीकत छापली. पीटर पावणेतीन वर्षांचा होता. ससा, उंदीर, केसाळ कोट, इतकंच काय, कापूससुद्धा पाहिला की तो किंचाळायचा. बाईंनी त्याला खुर्चीत बसवून त्याच्या आवडीचं खायला द्यायचं ठरवलं, आणि पिंजऱ्यातला ससा खोलीत ठेवला, पण इतका लांब की पोराचा घास थांबू नये. मग ससा हळूहळू जवळ आणायचा. सशाला न घाबरणारी दुसरी मुलंही त्याच्याबरोबर खेळायला ठेवली. मध्येच पीटर तापाने आजारी पडून दोन महिने दवाखान्यात राहिला. तिथून निघताना एक मोठा कुत्रा अंगावर आला आणि सगळी भीती परत उफाळली. बाईंनी पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला, सशाने बोटं हळूच कुरतडली तरी हसू लागला.

या हकीकतीत पीटरच्या आईबद्दलही लिहिलं आहे. घर गरीब. एक मुलगी गेलेली. आई बोलता बोलता रडायची, आणि पीटरला जवळ ठेवण्यासाठी सांगायची, आत ये, कोणीतरी तुला चोरून नेईल. आपला बागुलबुवा तो हाच. मी तिला नाव ठेवत नाही. जिचं एक लेकरू गेलं, ती दुसरं पदराखालीच ठेवणार. पण पोराची भीती आभाळातून पडत नाही, एवढं मात्र यातून दिसतं. मेरी जोन्स यांना पुढे वर्तनोपचाराची आई म्हटलं गेलं.

1964 साली डिकी नावाच्या साडेतीन वर्षांच्या मुलाची हकीकत छापून आली. मोतीबिंदू काढलेला, चष्मा लावला नाही तर नजर कायमची जाणार, आणि हा पोरगा चष्म्याला हातच लावू देईना. डोकं आपटायचा, स्वतःला मारायचा. माँट्रोज वुल्फ आणि त्यांच्या सोबत्यांनी आधी नुसती काचेविना चौकट त्याच्या हातात दिली. हातात धरली की खाऊ. डोळ्यांजवळ नेली की खाऊ. असं करत करत डिकी दिवसाचे बारा तास चष्मा घालू लागला. लहान लहान पायऱ्या, बस.

पण याच काळात दुसरीकडे भलतंच चाललं होतं. कॅलिफोर्नियात इव्हार लोव्हास स्वमग्न मुलांना तासन् तास शिकवायचे. मूल बोललं की घास आणि शाबासकी. चुकलं, स्वतःला मारून घेतलं, की ओरडणं, थप्पड, विजेचा झटकासुद्धा. 1965 साली लाइफ या मासिकाने त्याचे फोटो छापले. 1987 साली लोव्हास यांनी लिहिलं की आठवड्याला चाळीस तास शिकवलेल्या 19 मुलांपैकी 9 मुलं साध्या शाळेत जाऊ लागली. आईबाप आशेने धावले. पण त्या शिकवण्यातही मांडीवर चापट होती. अशा शिकवणीतून गेलेली कितीतरी माणसं मोठी झाल्यावर सांगतात की आम्हाला फक्त दुसऱ्यांसारखं दिसायला शिकवलं, आमचं दुखणं कोणी विचारलं नाही. अमेरिकेतल्या एका निवासी संस्थेत तर विजेचे झटके अलीकडेपर्यंत चालू होते. 2020 साली तिथल्या सरकारी खात्याने बंदी घातली, ती पुढच्याच वर्षी न्यायालयाने उठवली. तेव्हा देवऋष्याला हसण्याआधी हेही लक्षात ठेवावं, शिकलेल्या लोकांनीही मारच दिला.

वळण आलं ते एका साध्या प्रश्नाने: हे मूल असं का करतं? 1982 साली ब्रायन इवाटा यांनी स्वतःला इजा करणाऱ्या नऊ मुलांना वेगवेगळ्या परिस्थितीत ठेवून पाहिलं. एकटं असताना, काम सांगितल्यावर, लक्ष दिल्यावर, खेळताना. कारण प्रत्येकाचं सारखं निघालं नाही. 1985 साली एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी चार मुलांना वाक्यं शिकवली. काम अवघड म्हणून चिडणाऱ्याला शिकवलं, मला हे समजत नाही. लक्ष हवं म्हणून चिडणाऱ्याला शिकवलं, माझं काम बरोबर आहे का? त्रास एकदम कमी झाला. ओरडून, मारून जे सांगावं लागत होतं, ते सांगायला शब्द मिळाले.

आपल्या देशात 1984 साली सिकंदराबादला बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी राष्ट्रीय संस्था निघाली. तिथल्या रीता पेशावरिया आणि एस. वेंकटेशन यांनी 1992 साली शिक्षकांसाठी याच पद्धतीची पुस्तिका काढली. आणि 2013 साली आपल्या पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी फुकट होते. अंगणवाडीत, शाळेत गाडी येते ती त्याचीच. आशाताईंना विचारा.

त्या ताईंच्या मुलाला आधी तिथेच दाखवलं. दाढ किडलेली निघाली. कधी कधी गोष्ट एवढीच असते, दुखतं आणि सांगता येत नाही. दाढ काढल्यावर आपटणं कमी झालं, चावणं राहिलं. मग मोठ्या मुलीने वही केली: आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर आपण काय केलं. तीन आठवड्यांत दिसलं की शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली की तो चावतो, आणि चावला की आई त्याला मागच्या परसात नेते. म्हणजे चावणं हाच त्याचा "चल बाहेर" होता. आता त्याला शिकवलं आहे, आईच्या बांगडीला हात लावायचा. हात लावला की हातातलं काम टाकून उठायचंच. पहिले पंधरा दिवस भाकरी करपल्या. अजूनही महिन्यातले दोन-चार दिवस वाईट जातात.

दंडाच्या त्या तीस रुपयांवर सगळ्यांच्या सहीने रेघ मारली. बैठक आता त्यांच्याच ओसरीवर घेतो, गिरणी सुरू व्हायच्या आधी. मागच्या बैठकीला गिरणीवाल्याने लवकरच पट्टा चढवला. पोरगा उठला, आईच्या बांगडीला बोट लावलं. ताई हप्त्याचे पैसे मोजत होत्या. त्या तशाच माझ्या ओटीत टाकून त्याला घेऊन परसात गेल्या. मग ते मी मोजले.