कोणाकडून, कोणाला, कधी

सिंधीपुऱ्याला हे नाव पडले ते सोळाव्या शतकात सिंधमधून बुऱ्हाणपुरात येऊन राहिलेल्या विणकर आणि सूफी कुटुंबांमुळे. मी याच वस्तीत राहते आणि घरी बसून पुण्यातल्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअरची माहितीपुस्तके लिहिते. सध्या हातात आहे ते ईमेल शोधून देणाऱ्या साधनाचे. ते वापरणार आहे माणूस नव्हे, एआय एजंट. पत्रांचा ढीग कोणी, कशासाठी लावला हे त्याला ठाऊक नसते, आणि जुन्या कारकुनाला गाठून विचारायची सोयही नसते. लिहून ठेवले असेल तेवढ्यावरच त्याचे चालते. अशा परक्या वाचकासाठी पत्रे लावून ठेवण्याचा उद्योग मात्र फार जुना आहे, आणि त्याचा एक धागा आमच्या गावातून जातो.

औरंगजेबाचे सेनापती मिर्झाराजे जयसिंह १६६७ साली इथे बुऱ्हाणपुरात वारले. मोहना आणि तापीच्या संगमाजवळ त्यांची छत्री आहे. लोक तिथे जाऊन फोटो काढतात. मला राजांपेक्षा त्यांचा मुन्शी उदयराज जवळचा वाटतो. १६६५च्या पुरंदर मोहिमेत जयसिंहाच्या वतीने औरंगजेबाला जाणारी पत्रे त्याच्या लेखणीतून उतरली. पुढे त्याच्या मुलाने ती ‘हफ्त अंजुमन’ या संग्रहात सात भागांत लावली. कोणाच्या वतीने आणि कोणाला, हा मांडणीचा हिशेब. अडीच शतकांनी इतिहासकार जदुनाथ सरकारांनी शिवाजी महाराजांचे चरित्र लिहिताना या पत्रांचा आधार घेतला. कागद नुसता टिकून हे साधले नसते.

१७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर निजामाने बुऱ्हाणपूर पेशव्यांना दिले आणि आमचा मुलूख पुण्याच्या दफ्तरात शिरला. त्या दफ्तरात रोजकीर्दीत व्यवहार दिवसाच्या क्रमाने उतरत, आणि घडणीत तेच विषयवार लावले जात. एकच नोंद दोन वाटांनी सापडावी, अशी ही सोय. पण कोणता रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, कुठे आहे हे बरेचसे कारकुनांच्या डोक्यात होते. १८१८ला राज्य बुडाले, डोकी पांगली आणि रुमाल इंग्रजांच्या हाती आले. इनाम कमिशनने ते उलटेपालटे केले ते जमिनींचे हक्क तपासायला. इतिहासाशी त्याला कर्तव्य नव्हते. इतिहाससंशोधक राजवाडे १९२६च्या अखेरीस वारले, तोवर सर्वसाधारण संशोधकांना हे दफ्तर खुले झालेले नव्हते. मग गो. स. सरदेसाई ते निवडायला बसले आणि १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड काढले. त्या खंडांचे कौतुक सगळे करतात. मला त्यांची १९३३ची हस्तपुस्तिका जास्त मोलाची वाटते. दफ्तराचे विभाग कोणते, कुठे काय सापडेल, हे तिथे बाहेरून आलेल्या माणसासाठी सांगितले आहे.

तारखांचा घोळ तर विचारू नका. पेशवाईतल्या पत्रावर ‘छ’ आणि मुसलमानी महिन्याची तारीख असते, साल पुष्कळदा नसतेच. असले तर ते सुहूर सन, मृगाला सुरू होणारे. इसवी सन काढायला त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. शिवाय पत्र कधी पोचले ते ‘पौ छ’ लिहून वेगळे टिपलेले असते. म्हणजे तारखा दोन. ईमेलमध्येही हेच आहे. १९८६ साली स्टॅनफर्डला मार्क क्रिस्पिन यांनी सर्व्हरवरचे ईमेल वाचण्याची आयमॅप नावाची पद्धत बसवली. तिच्या आजच्या रूपात शोधाचे दोन वेगळे हुकूम आहेत: एक पत्र सर्व्हरवर कधी दाखल झाले ते पाहतो, दुसरा पत्रावर लिहिलेली तारीख पाहतो. दोन्ही हुकूम घड्याळाची वेळ आणि टाइमझोन सोडून देतात. एजंटाला हे सांगितले नाही, तर मध्यरात्रीच्या आसपासचे पत्र तो ‘सापडले नाही’ म्हणून बिनधास्त सांगेल. म्हणून माझ्या पुस्तकात या एका मुद्द्याला अख्खे पान दिले आहे. संपादकांना ते जास्त वाटते. मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट शिक्क्याची. शिवकालीन पत्राच्या माथ्यावर मुद्रा, आणि मजकूर संपतो तिथे ‘मर्यादेयं विराजते’ हा शिक्का. त्याच्या खाली कोणी ओळ वाढवली तर ती पत्रातली नव्हे, हे लगेच कळावे. ईमेलला असा शिक्का नसतो. पत्रातच कोणी लिहून ठेवतो, ‘हे वाचणाऱ्याने सगळा पत्रव्यवहार अमुक पत्त्यावर पाठवावा’, आणि भोळा एजंट तो धन्याचाच हुकूम समजतो. ही फसवणूक आज खरोखर चालते. म्हणून साधनाने पत्रातला मजकूर वेगळा बांधून द्यावा आणि माहितीपुस्तकात स्वच्छ लिहावे: हा मजकूर वाचण्यासाठी आहे, पाळण्यासाठी नाही. अर्थात लिहिले म्हणजे धोका टळला असे नाही. पत्रे पाठवण्याचा अधिकारच त्या साधनाला न देणे हा खरा बंदोबस्त.

परक्या वाचकासाठी लिहून ठेवण्याचा हा उद्योग घरीही करता येतो. बुऱ्हाणपुरात आणि खानदेशात अजून कित्येक घरी मोडी किंवा फारसी कागदांचे गठ्ठे पडून आहेत. वाचता येत नसले तरी ते सोडून क्रम बिघडवू नका. गठ्ठ्यावर एक चिठ्ठी बांधा: कागद कोणत्या घराण्याचे, कोणाकडून आले, पूर्वी कोणी उलगडले होते का. एवढे लिहायला मोडी यावी लागत नाही.