वीज, कायदा आणि कामगाराचा जीव

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, अशी आपल्याकडे म्हण आहे. पायवाटेवर ती खरी ठरते, कारण ठेच लागलेला माणूस मागे वळून ‘दगड आहे’ असे सांगू शकतो. विजेच्या बाबतीत मात्र पुढचा पुष्कळदा सांगायला उरतच नाही. म्हणून त्याची ठेच मागच्यापर्यंत पोचविण्याची व्यवस्था समाजाला मुद्दाम लावावी लागते. कारखान्यातील विद्युत्सुरक्षेचा इतिहास हा या व्यवस्थेचा इतिहास आहे, आणि महाडच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या बिरवाडीत तो आठवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हिंदुस्थानातला पहिला कारखाने कायदा १८८१ चा. यंत्रांच्या फिरत्या भागांना कठडे घालावेत, हा त्यातला एक दंडक होता. चाक आणि पट्टा डोळ्यांना दिसतात, तेव्हा कठडा कोठे घालायचा हेही दिसते. वीज दिसत नाही. आणि तरीही, नवल असे की, विजेविषयीचा आपल्याकडचा पहिला कायदा, १८८७ चा, मुळात माणसांचे व मालमत्तेचे तिच्यापासून रक्षण करण्यासाठीच झाला होता. म्हणजे धोका ठाऊक नव्हता असे नव्हे. धोका ठाऊक होता तो सरकारला. तारेला हात लावणाऱ्याला तो कोणी सांगितला नव्हता.

आपल्या जिल्ह्याचा या कथेत मोठा वाटा आहे. १९१५ साली खोपोलीला टाटांचे जलविद्युत्-केंद्र सुरू झाले आणि घाटावरच्या तलावांच्या पाण्यावर निर्माण झालेली वीज एक लाख व्होल्टच्या दाबाने मुंबईच्या गिरण्यांकडे धावू लागली. पुढे भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही केंद्रे झाली. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली ही वीज आमच्या खेड्यांवरून निघून जाई, आणि खाली घराघरांत रॉकेलची चिमणी जळत असे. महाड-पोलादपूरचे तरुणही पोटासाठी त्याच मुंबईला जात. वीजही इकडची, हातही इकडचे. दोघांची गाठ पडे ती गिरणगावात!

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाने अधिनियम आला आणि १९५६ मध्ये भारतीय वीज नियम झाले. आज त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली असली, तरी त्यांतील शहाणपण जुने झालेले नाही. तारेवर काम करण्यापूर्वी ती निर्वीज करून जमिनीशी जोडावी. काम नेमून दिलेल्या, जाणत्या माणसानेच करावे. विजेचा धक्का बसलेल्या माणसावर करावयाच्या उपचाराचा तक्ता स्थानिक भाषेतही कारखान्यात लावावा. तक्ते लागले. पण पुष्कळ ठिकाणी ते धूळ खात राहिले. वाचून दाखवणारा नसेल तर भिंतीवरचा तक्ता हा नुसता पत्रा!

दुसरा टप्पा ज्ञानाचा. अमेरिकेतील प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल यांनी माणसाचे शरीर किती प्रवाह सोसते याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि १९६१ मध्ये जमिनीकडे गळणारा प्रवाह ओळखून पुरवठा क्षणात तोडणारे साधन पुढे आणले. घरातल्या ४० वॅटच्या दिव्यातून साधारण १७० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. त्याच्या निम्म्याहून कमी प्रवाह छातीतून गेला तरी हृदय बंद पडू शकते. आपल्याकडे वापरात असलेली ३० मिलिअँपिअरची साधने या हिशेबावर बेतलेली आहेत. कोकणातल्या पावसाळ्यात, ओल्या अंगाने आणि ओल्या जमिनीवर, हा हिशेब अधिकच कठोर होतो.

तिसरा टप्पा हक्काचा, आणि तो मोठ्या दुःखातून आला. १९६६ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली होती. पण १९८४ च्या भोपाळनंतरच, १९८७ च्या दुरुस्तीने, कारखान्याच्या सुरक्षाव्यवस्थेत कामगारांचा सहभाग आणि जिवावरचा धोका दिसताच तो वरिष्ठांना कळविण्याचा त्यांचा हक्क कायद्यात लिहिला गेला. २०२० च्या नव्या संहितेतही हा आशय उतरला आहे.

याच काळात गिरणगावाकडे जाणारी वाट उलटी फिरली. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती गावोगावी झाल्या, तशी ती महाडलाही झाली. ज्याच्या आजीने चिमणीच्या उजेडात भाकरी थापली, तो नातू ४४० व्होल्टच्या पॅनेलसमोर उभा राहिला. तो कंत्राटी असला, तर बहुधा पहिल्याच दिवसापासून.

मग कारखान्यात सुरक्षेचा कार्यक्रम उभारायचा म्हणजे काय करायचे? जुना वायरमन दुरुस्तीला जाताना फ्यूज काढून खिशात घालतो, त्यात सगळे तत्त्व आले. आपण तारेवर असताना दुसऱ्याने मेन स्विच लावू नये! कुलूप, किल्ली, नावाची पाटी, लेखी परवाना ही त्या खिशाचीच सुधारलेली रूपे. त्याला नियमित अर्थिंग-तपासणी आणि प्रथमोपचाराची तालीम जोडावी. आणि एक वही ठेवावी. कोणाला चटका बसला, कोठली केबल सोलली, हे जीव जाण्यापूर्वीच तीत लिहिले जावे. आणि लिहिणाऱ्याला कोणी दटावू नये.

जुलै २०२१ च्या महापुरात महाड बुडाले. पूर ओसरल्यावर जो तो कामाला लागण्याच्या घाईत असतो. अशा वेळी भिजलेली मोटर वाळवून, तिचे विद्युत्‌रोधन मोजून मगच चालू करायची असते. तेव्हा ‘आज नको, अजून ओल आहे’ असे म्हणण्याचे धैर्य हाताखालच्या पोराला असते का, आणि त्याचे ऐकले जाते का, यावर कारखान्याची खरी परीक्षा होते.

कायद्याने १८८७ पासून पुष्कळ मजल मारली आहे. शेवटचे पाऊल मात्र कायदा टाकू शकत नाही. ते मालक, वायरमन आणि नवखा कामगार यांनी मिळून टाकायचे आहे. पुढच्याची ठेच वहीत उतरली आणि मागच्याने ती वाचली, तरच आपली म्हण विजेच्या युगातही खरी ठरेल.