बुजवलेल्या कालव्याची गोष्ट

अमेरिकेत कुणाचेही आई-बाबा आले की त्यांना नायगरा दाखवावाच लागतो. तो रेनकोट, ती बोट, मग फोटो, आणि शेवटी गाडीत बसून डब्यातली पोळी-भाजी. आमचंही तसंच झालं. परत निघताना मी गाडी मुद्दाम गावाच्या पूर्वेकडे वळवली. थोड्या वेळाने एक जाळीचं कुंपण आलं, आत नुसतं गवत. "इथे काय बघायचं?" बाबांनी विचारलं. तेव्हा धड सांगता आलं नाही, म्हणून आता लिहितेय.

या जागेचं नाव लव्ह कॅनॉल. नाव प्रेमावरून नाही बरं का! विल्यम लव्ह नावाच्या गृहस्थाने १८९० च्या दशकात इथे वीजनिर्मितीसाठी कालवा खणायला घेतला. पैसे संपले, खड्डा राहिला. १९४२ ते १९५३ या काळात हुकर केमिकल कंपनीने त्यात सुमारे २१,००० टन रासायनिक कचरा ओतला, वर माती टाकली आणि १९५३ साली ती जमीन शाळा मंडळाला एका डॉलरला विकली. खाली रसायनं आहेत आणि पुढे कुणाला इजा झाली तर आम्ही जबाबदार नाही, असं खरेदीखतातच लिहिलं होतं. मंडळाने ते वाचूनही तिथे प्राथमिक शाळा बांधली. भोवती घरं उठली. ती विकत घेणार्‍या बहुतेकांना मात्र या खताचा पत्ता नव्हता.

आई एवढंच म्हणाली, "अगं, बुजवलेल्या विहिरीवर आपल्याकडे कुणी घर बांधत नाही."

१९७० च्या दशकात पाऊस-बर्फ जास्त झाला आणि पोटातलं वर यायला लागलं. तळघरांत काळा चिकट द्रव, अंगणात गंजलेली पिंपं. १९७८ मध्ये स्थानिक वर्तमानपत्रातल्या बातम्या वाचून लुईस गिब्ज ही साधी गृहिणी हादरली. तिच्या मुलाला याच शाळेत जायला लागल्यावर फिट्स येऊ लागल्या होत्या. शाळा बदलून मागितली, ती नाकारली गेली. मग शाळा बंद करा म्हणून सह्या गोळा करायला ती निघाली. पहिल्या घराचं दार वाजवलं, कुणी उघडलं नाही, तर घाबरून घरी परतली! मला ही बाई इथेच आवडली. दुसर्‍या वेळी मात्र ती थांबली नाही.

२ ऑगस्ट १९७८ ला राज्याच्या आरोग्य आयुक्तांनी आणीबाणी जाहीर केली. गरोदर बायका आणि दोन वर्षांखालच्या मुलांनी घरं सोडावीत, असा सल्ला दिला. मग तीन वर्षांच्या पोराचं काय? लोक भडकले. पाच दिवसांनी अध्यक्ष कार्टर यांनी मदत जाहीर केली आणि कालव्यालगतची २३९ कुटुंबं हलवली गेली. बाकीच्यांना सांगण्यात आलं, तुम्ही सुरक्षित आहात. कुंपण घातलं गेलं. लुईसचं घर कुंपणाबाहेर.

खरी लढाई इथून पुढची. बायकांनी फोन करून, घरोघरी जाऊन कुणाला काय आजार आहे याची नोंद केली आणि गावाच्या नकाशावर खुणा केल्या. खुणा सगळीकडे सारख्या नव्हत्या, ठरावीक ओळींत दाटल्या होत्या. जुन्या लोकांना विचारलं तर तिथून पूर्वी ओढे वाहायचे, घरं बांधताना बुजवलेले. कर्करोग संशोधक बेव्हर्ली पायगन यांनी ही माहिती नीट मांडून दिली : विष जुन्या ओढ्यांच्या वाटेने कुंपण ओलांडत होतं. अधिकार्‍यांनी आधी ती गृहिणींची बिनकामाची माहिती म्हणून झटकली. फेब्रुवारी १९७९ मध्ये मात्र कुंपणाबाहेरच्या गरोदर बायका आणि तान्ह्या मुलांनाही हलायला सांगावं लागलं. पुन्हा तेच दोन वर्षं!

मे १९८० मध्ये छत्तीसपैकी अकरा रहिवाशांच्या गुणसूत्रांत बिघाड असल्याचा अहवाल आला. (त्या तपासणीवर पुढे बरेच आक्षेप घेतले गेले, पण घरात बसलेल्या आईला तो वाद काय कामाचा?) संतापलेल्या लोकांनी पर्यावरण खात्याच्या दोन अधिकार्‍यांना काही तास कार्यालयातच अडकवून ठेवलं. अडकवलं म्हणजे बाहेर जाऊ दिलं नाही इतकंच, पण व्हाइट हाऊसला इशाराही दिला. दोन दिवसांत, २१ मे ला, कार्टर यांनी दुसरी आणीबाणी जाहीर केली आणि उरलेल्यांनाही बाहेर पडायची सोय झाली. डिसेंबरात देशभरातल्या अशा जागा साफ करणारा सुपरफंड कायदा झाला.

शाळा पाडली, लगतची घरं पाडली. कचरा मात्र तिथेच आहे, माती, प्लास्टिक आणि गवताखाली. झिरपणारं पाणी गोळा करून शुद्ध केलं जातं. १९९० च्या दशकात जवळची काही घरं दुरुस्त करून नव्या नावाने पुन्हा विकली गेली.

आम्ही निघालो तेव्हा पलीकडच्या रस्त्यावर एक मुलगा सायकल चालवत होता. आई त्याच्याकडे बघत राहिली, मग मला म्हणाली, "काच वर कर."