सूकरमद्दव आणि अळंबी

शहापूर तालुक्यातील शेणव्याच्या परिसरात पावसाळा लागला की आदिवासी स्त्रिया रानातून अळंबी खुडून आणतात. वारुळावरची निराळी, कुजक्या ओंडक्यावरची निराळी. खाण्याजोगी कोणती, विषारी कोणती, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. पालीत अळंबीला अहिच्छत्तक, म्हणजे सर्पाची छत्री, म्हणतात. बौद्ध इतिहासातील एका जुन्या वादात हा शब्द येतो.

पावा येथे चुंद कम्मारपुत्ताने भगवान बुद्धांना दिलेल्या अखेरच्या भोजनातील पदार्थाला महापरिनिब्बान सुत्तात ‘सूकरमद्दव’ म्हटले आहे. बुद्धघोष त्याचा अर्थ डुकराचे मांस असा करतात. उदानाच्या अट्ठकथेत धम्मपाल इतरांची मतेही नोंदवतात. डुकरांनी तुडवलेल्या जागी उगवलेली अळंबी, हे त्यांपैकी एक. इ. स. ४१३ मध्ये बुद्धयशस व चू फो-न्येन यांनी केलेल्या दीर्घागमाच्या चिनी भाषांतरात तर ‘चंदनवृक्षाचा कान’ असे आहे. झाडाचा कान म्हणजे लाकडावर वाढणारी अळंबी. चिनी भिक्षुसंघावर मांसवर्जनाची सक्ती लियांग सम्राट वू याने सहाव्या शतकात केली. भाषांतर त्याआधीचे, तेव्हा त्या सक्तीपायी मांस झाकण्यासाठी हा शब्द घातला, असे म्हणता येणार नाही.

पुढे त्याच देशात ओंडक्यावर अळंबी पिकवण्याची विद्या वाढली. वांग चेन याच्या १३१३ च्या कृषिग्रंथात तिची रीत आहे. सावलीच्या जागी झाड पाडावे, कुऱ्हाडीने खाचा पाडून माती घालावी, लाकूड कुजल्यावर अळंबीचे बारीक तुकडे खाचांत पेरावेत, वरून पाला व माती टाकून अधूनमधून तांदळाचे धुवण शिंपडावे. नंतर ओंडक्यावर दांडक्याने ठोकायचे. याला तो अळंबीला ‘दचकवणे’ म्हणतो!

आपल्याकडे काहींना अळंबीचा अर्थ फार सोयीचा वाटतो, कारण त्याने मांसाचा ‘डाग’ धुतला जातो. त्यांनी मनुस्मृती उघडावी. हा ग्रंथ बुद्धांनंतर कित्येक शतकांचा. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी जिचे दहन झाले तीच ही स्मृती. तिच्या अध्याय ५, श्लोक १९ मध्ये छत्राक म्हणजे अळंबी आणि गावडुक्कर एकाच यादीत आहेत, लसूण-कांद्याच्या पंगतीला. जाणूनबुजून खाणारा द्विज पतित होतो. चुंदाने वाढलेले डुक्कर असो वा अळंबी, मनूच्या लेखी दोन्ही सारखीच अभक्ष्य. मग अळंबीचा अर्थ लावून शुद्धी कोणाच्या दरबारात मिळवायची?

भगवंतांना काळजी होती ती निराळीच. चुंदाला कोणी बोल लावू नये म्हणून त्यांनी आनंदांना सांगून ठेवले की, संबोधीपूर्वीचे आणि परिनिर्वाणापूर्वीचे ही दोन भोजनदाने समान फळाची असून इतर सर्व भोजनदानांहून श्रेष्ठ आहेत.