लहान प्राण्यांचे चिकित्सा-प्रशिक्षण

पशुवैद्यक शाखेच्या विद्यार्थ्यांना कुत्रा, मांजर, ससा, पाळीव पक्षी इ. प्राण्यांचे रोगनिदान व उपचार यांविषयी रुग्णालयात दिले जाणारे प्रत्यक्ष शिक्षण. गुरे व घोडे यांच्या चिकित्सेच्या मानाने ही शाखा उशिरा विकसित झाली. महाराष्ट्रातील तिचा इतिहास मुख्यतः मुंबईतील परळ येथील पशुवैद्यक महाविद्यालय व त्यास जोडलेले धर्मादाय रुग्णालय यांच्याशी निगडित आहे.

पार्श्वभूमी : मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेमुळे १८३२ मध्ये मुंबईत पारशी समाजात प्रक्षोभ होऊन दंगल उसळली. त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जिजीभाई, मोतीचंद अमीचंद प्रभृतींच्या पुढाकाराने पांजरपोळ स्थापन झाले. तेथे मुख्यतः आश्रय मिळे. शास्त्रीय उपचारांची सोय पुढे झाली. प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारी संस्था मुंबईत १८७४ मध्ये निघाली आणि दिनशा माणकजी पेटिट यांच्या देणगीतून त्यांच्या पत्नीच्या नावे बाई साकरबाई रुग्णालय १८८३ च्या सुमारास परळ येथे उभे राहिले. १८८६ मध्ये सुरू झालेल्या मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य जे. एच. स्टील हे होते. रुग्णालय आधी व महाविद्यालय नंतर, हा क्रम लक्षणीय आहे. भूतदयेपोटी दाखल झालेले प्राणी हेच विद्यार्थ्यांचे रुग्ण ठरले.

त्या काळी शहराची वाहतूक घोडे व बैल यांवर अवलंबून होती. ट्रामगाड्याही १८७४ ते १९०५ पर्यंत घोडेच ओढीत. साहजिकच अध्यापनात कुत्र्या-मांजरांना गौण स्थान होते. यांत्रिक वाहने आल्यावर व शहरी कुटुंबांत प्राणी पाळण्याची प्रथा वाढल्यावर हे चित्र पालटले. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेल्या पार्वो विषाणूजन्य रोगामुळे कुत्र्यांच्या लसीकरणास अधिक महत्त्व आले.

पद्धती : रुग्ण बोलू शकत नसल्याने मालकाकडून पूर्ववृत्त काढून घेणे, हा पहिला धडा होय. त्यानंतर प्राण्यास इजा न करता आवरणे, तपासणी, वजनानुसार औषधाची मात्रा ठरविणे, भूल, शल्यक्रिया व क्ष-किरण चित्रांचा अर्थ लावणे हे क्रमाने शिकविले जाते. मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे, हे विद्यार्थ्यास आरंभीच समजणे आवश्यक असते; माणसाच्या नित्य वापरातील पॅरासिटामॉल मांजरास प्राणघातक ठरते. अलर्क रोगाचा (रेबीजचा) धोका सर्वांत मोठा आहे. कुत्र्यास गिळता येत नसले, तर घशात हाड अडकले असावे, असे मालक सांगतो. अशा वेळी हात तोंडात घालण्यापूर्वी या रोगाची शंका घेतली पाहिजे. म्हणून विद्यार्थ्यांना प्रतिबंधक लस आधीच टोचून घ्यावी लागते.

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम १९८४ मध्ये संमत झाल्यावर शिक्षणाची किमान मानके ठरविण्यात आली. २०१६ च्या विनियमांनुसार साडेचार वर्षांच्या अभ्यासक्रमानंतर एक वर्षाची आंतरवासिता आहे. महाराष्ट्रातील हे शिक्षण २००० मध्ये स्थापन झालेल्या नागपूर येथील महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत येते.

महत्त्व व मर्यादा : विद्यार्थ्याचा हात ज्यांवर बसतो, ते प्राणी बहुधा गरिबांचे किंवा बेवारशी असतात. मोकाट कुत्र्यांच्या निर्बीजीकरणास २००१ च्या नियमांनी चालना मिळाली व शल्यक्रियेच्या अनुभवाचे क्षेत्र विस्तारले. तथापि मालक नाही म्हणून वेदनाशमनात किंवा निर्जंतुकीकरणात हयगय होता कामा नये. प्रशिक्षणाची खरी कसोटी येथेच लागते.

हे शिक्षण केवळ शहरांपुरते उपयुक्त आहे, असेही नाही. नाशिक जिल्ह्यातील देवळ्यासारख्या शेतीप्रधान तालुक्यात पशुवैद्यापुढे मुख्यतः गाई, म्हशी व शेळ्या येतात; परंतु वाडी-वस्तीवरील राखणीच्या कुत्र्यास अलर्क रोग झाल्यास धोका गुरांना व माणसांनाही पोहोचतो. तो वेळीच ओळखणारी नजर पुस्तकातून लाभत नाही. ती रुग्णालयातच घडते.